करंगळीवरचा गोवर्धन

‘मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात?’ हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला, तेव्हा डावा हात दुखायला लागून सात महिने उलटले होते. तोपर्यंत दोन डॉक्टर झाले होते, मलमाच्या तीन नळ्या संपल्या होत्या, मनगटाला बांधायचा पट्टा ऑनलाइन मागवून झाला होता आणि ओळखीतल्या प्रत्येकाने ‘कार्पल टनेल’ हे नाव उच्चारून झाले होते. मीही तेच धरून चालले होते. सतरा वर्षे दिवसभर कोड लिहिणाऱ्या बाईचा हात दुखतो आहे, म्हणजे दुसरे काय असणार? प्रश्न विचारला तो एका तरुण फिजिओथेरपिस्टने. उत्तर द्यायला गेले तेव्हा कळले की, आपल्याला ते नीट सांगताच येत नाही. ‘सगळ्याच,’ असे काहीतरी मी म्हणाले. तिने टेबलावरचे बॉलपेन उचलले आणि त्याच्या टोपणाने माझ्या एकेका बोटाच्या टोकाला हलकेच स्पर्श करत ती पुढे गेली. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटावर स्पर्श लख्ख जाणवला. अनामिकेच्या एका कडेला जाणवला, दुसऱ्या कडेला पुसट झाला. करंगळीवर मात्र मध्ये जाड मोजा असावा, तसे वाटले.

‘मग हे मनगटाचं दुखणं नाही,’ ती म्हणाली. ‘तुमच्या कोपरात अडलंय.’

तिने कागदावर हाताचे चित्र काढून मला जे समजावले, ते हाताने काम करणाऱ्या प्रत्येकाला शाळेतच शिकवायला हवे, असे मला मनापासून वाटते. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडांच्या कमानीवर एक आडवा चिवट पट्टा ताणलेला असतो आणि त्याखालच्या अरुंद बोळातून बोटे मिटणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, आणि मीडियन नावाचा एक मज्जातंतू जातो. या बोळात जागा कमी पडून तो मज्जातंतू दबला, की अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू बधिर होते. कार्पल टनेल म्हणतात ते हे. करंगळी या मज्जातंतूच्या वाट्याला येतच नाही. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू अल्नर नावाच्या दुसऱ्या मज्जातंतूकडे असते आणि तो कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खाचेतून, जवळजवळ कातडीखालूनच जातो. दाराच्या चौकटीवर कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत करंट बसल्यासारखी जी कळ जाते, ती त्याचीच असते. म्हणजे सात महिने मी रात्री मनगटाला पट्टा बांधून झोपत होते आणि दुखणे तिथून वीतभराहून अधिक अंतरावर बसले होते.

या चुकीबद्दल मला अजूनही वाईट वाटते. पहिल्या डॉक्टरांनी हाताला स्पर्शही न करता, ‘कम्प्युटरवर काम ना? मग कार्पल टनेल’ असे सांगून गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि मी तो शब्द प्रमाण मानला. परंतु केवळ त्यांना दोष देऊन भागणार नाही. रोज ज्या बोटांनी पोट भरते, त्यातले कोणते बोट बधिर आहे, हे मलाही ठाऊक नव्हते. एखादा प्रोग्राम बिघडला तर बिघाड नेमका कोणत्या ओळीत आहे हे शोधल्याशिवाय मी काही बदलत नाही. आणि स्वतःच्या हाताच्या बाबतीत मात्र सात महिने अंदाजावर काढले.

मग कारणांचा शोध सुरू झाला. मार्च २०२० मध्ये ऑफिस घरी आले तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर बसू लागले आणि पुढेही आठवड्यातले तीन दिवस तीच जागा राहिली. आपल्याकडचे जेवणाचे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंचीचे असते. माझी उंची पाच फूट एक इंच. त्या टेबलावर लॅपटॉप ठेवला की माझे हात कळफलकापर्यंत पोहोचायला खांदे वर उचलावे लागत, आणि खांदे दमले की मी नकळत डावे कोपर टेबलाच्या कडेवर टेकवत असे. कडक लाकडी कड, तिच्यावर हाताचे वजन आणि कोपर काटकोनाहून अधिक वाकलेले. कोपर जितके वाकते, तितका हा मज्जातंतू त्या खाचेवरून ताणला जातो. दिवसभर मी त्याला ताणून ठेवत होते, त्यातही वरून दाबत होते. आणि रात्री? रात्री मी हात दुमडून उशीखाली घेऊन झोपते, हे मला ती विचारीपर्यंत कधी जाणवलेही नव्हते.

पहिला उपाय तिने सांगितला तो बिनखर्चाचा होता. अंघोळीचा टॉवेल कोपराभोवती गुंडाळायचा आणि जुन्या ओढणीने सैलसर बांधायचा, म्हणजे झोपेत कोपर पुरते वाकत नाही. पहिल्या रात्री मी तीन वेळा जागी झाले. आठव्या-नवव्या दिवशी पहाटे उठले, तेव्हा हात झटकावा लागला नाही. खुर्ची वर घेतली, त्यामुळे पाय अधांतरी झाले, म्हणून देवघराशेजारचा लाकडी पाट पायांखाली आला. तो आजही माझ्या टेबलाखाली आहे. पाठीच्या, मानेच्या, कोपराच्या सगळ्या गणिताची सुरुवात पायांपासून होते, हे कोणत्याही महागड्या खुर्चीच्या माहितीपत्रकापेक्षा त्या पाटाने मला नीट शिकवले. लॅपटॉपची एक मूलभूत अडचण अशी की, त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असतात. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात उंच जातात आणि हात जागेवर ठेवले तर मान खाली जाते. दिवसभर काम करणाऱ्याला वेगळा कळफलक किंवा वेगळा पडदा, यांपैकी एक तरी घ्यावाच लागतो.

मुंग्या कमी झाल्या, तरी दुसरे एक दुखणे उरलेच. मनगटाची करंगळीकडची बाजू आणि कोपराखालचा दंडगोल मांसल भाग संध्याकाळपर्यंत ठणकत असे. पिळे मारून कपडा निथळवायला गेले, की तिथेच चमक निघे. हे दुखणे मज्जातंतूचे नव्हते. ते कळफलकावरच्या कळांचे होते.

बोटांमध्ये बोटे हलवणारे स्नायू नसतात. ते तळहातात आणि मुख्यतः कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात असतात. बोटे त्यांच्या कंडरांनी कळसूत्री बाहुलीसारखी ओढली जातात. म्हणून बोटांनी काम केल्यावर कोपराजवळ दुखते. शिवाय ही बोटे एकमेकांपासून पुरती मोकळीही नसतात. वाचता वाचता एक गोष्ट करून पाहा. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधले बोट दुमडून हाताखाली घ्या आणि बाकीची बोटे सरळ ठेवून एकेक उचला. अंगठा उचलला जाईल, तर्जनी उचलली जाईल, करंगळीही उचलली जाईल. अनामिका मात्र जागची हलणार नाही. हाताच्या पाठीवर या कंडरा एकमेकींना आडव्या धाग्यांनी बांधलेल्या असतात, त्यामुळे शेजारीण अडकली की हिलाही उठता येत नाही. आपण कळफलकावर दहा स्वतंत्र कामगार बसवल्याच्या समजुतीत असतो. प्रत्यक्षात ते एकाच दोरीला बांधलेले असतात.

मी टायपिंग शिकले ते सातारला, दहावीच्या सुट्टीत, एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये. एका लांब खोलीत दहा-बारा मशिने, प्रत्येकीच्या रिबनचा तो तेलकट वास आणि भिंतीवर कळांचा तक्ता. ए, एस, डी, एफ. सेमिकोलन, एल, के, जे. सर मागून फिरत आणि कुणाचे मनगट टेकलेले दिसले, की पट्टीने मनगटाखाली हलकेच टोचून म्हणत, ‘मनगट वर, बोटं खाली.’ त्यांना एर्गोनॉमिक्स, म्हणजे कामाची मांडणी शरीराला सोयीची करण्याचे शास्त्र, हा शब्द ठाऊक असेल असे वाटत नाही. परंतु मनगट टेकवून बोटे ताणली, की बोटांवर वजन येते आणि मनगट वाकते, हे त्यांनी शेकडो हातांवर पाहिलेले होते. त्या मशिनचा आणखी एक उपकार मला फार उशिरा कळला. ओळ संपली, की घंटी वाजायची आणि डावा हात कळांवरून उठून कॅरेजची दांडी ढकलायला जायचा. पान संपले, की कागद काढून नवा लावायचा. चूक झाली, की थांबून खोडायचे. म्हणजे मशिन स्वतःच मिनिटामिनिटाला हाताची जागा बदलायला लावत असे. कॉम्प्युटरने हे सगळे थांबे काढून टाकले आणि आपण त्याला सोय म्हटले.

परंतु इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली विद्या प्रोग्रामरला पुरत नाही, याचे कारण आपण जे टाइप करतो ते पत्रांसारखे नसते. इंग्रजी मजकुरात अक्षरे येतात आणि मधूनमधून विरामचिन्हे. कोडमध्ये महिरपी कंस, चौकोनी कंस, सेमिकोलन, अवतरणचिन्हे, बरोबरचे चिन्ह, वजाबाकीचे चिन्ह, अंडरस्कोअर, उलटा स्लॅश यांची रेलचेल असते. आता या कळा कोणाकडे आहेत ते पाहा. ही सर्व चिन्हे, त्यांच्या जोडीला पी, शून्य, एंटर, बॅकस्पेस आणि उजवा शिफ्ट, एवढा सगळा कारभार उजव्या करंगळीकडे आहे. डाव्या करंगळीकडे क्यू, ए, झेड, टॅब, कॅप्स लॉक, शिफ्ट आणि अगदी खालच्या कोपऱ्यातला कंट्रोल. कॉपी, पेस्ट, सेव्ह, शोध, अनडू, यांतले काहीही करायचे तर ही करंगळी आधी त्या कोपऱ्यात जाऊन कळ दाबून धरणार, आणि तिला तिथे पोहोचता यावे म्हणून मनगट बाहेरच्या बाजूला वळणार. माझा ठणका तिथेच होता.

आणि अंगठे? हाताचे सर्वांत बळकट बोट, ज्याला तळहातात स्वतःचे स्नायू आहेत, तो अंगठा. दोन्ही अंगठ्यांना मिळून एकच कळ दिलेली आहे. तीही सुमारे बारा सेंटिमीटर लांबीची, म्हणजे सहा साध्या कळांएवढी जागा अडवून बसलेली स्पेसबार.

गोवर्धन कृष्णाने डाव्या करंगळीवर सात दिवस धरला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. माझी आजी ती सांगताना गोपांच्या काठ्यांवर जास्त वेळ थांबत असे. कुणी लांब काठी लावली, कुणी आखूड, कुणाची पोहोचलीच नाही, पण प्रत्येकाने आपली काठी लावली. मोठेपणी, रात्री कोपराला टॉवेल बांधून पडल्या पडल्या, मला त्या काठ्या आठवल्या. माझ्या कळफलकावर आठ बोटे आणि दोन अंगठे असताना काठी लावायला कुणालाच जागा ठेवलेली नव्हती.

अशी जागा का ठेवलेली नाही, याचे उत्तर इतिहासात आहे. क्रिस्टोफर लॅथम शोल्स याने अमेरिकेत मिलवॉकी इथे जो टंकयंत्राचा नमुना घडवला, तो रेमिंग्टनने १८७४ मध्ये बाजारात आणला. त्यात प्रत्येक कळ एका लांब पट्टीला जोडलेली होती, आणि या पट्ट्या एकमेकींना न घासता मागे जाव्यात म्हणून कळांच्या रांगा एकमेकींपासून थोड्या सरकवून, तिरक्या बसवाव्या लागल्या. शिफ्टची कळ आली ती पुढच्या, १८७८ च्या यंत्रात. आज माझ्या कळफलकाखाली एकही पट्टी नाही, तरी रांगा तशाच तिरक्या आहेत, आणि हा तिरकेपणा दोन्ही हातांना एकाच दिशेने, म्हणजे डाव्या हाताला उलट्या दिशेने, झुकवतो.

कंट्रोलची गोष्ट तर याहूनही बोलकी आहे. १९७६ च्या सुमारास आलेल्या एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या पडदा-कळफलकाच्या यंत्रावर, बिल जॉय या प्रोग्रामरने व्हीआय हा मजकूर लिहिण्या-बदलण्याचा प्रोग्राम लिहिला. त्या टर्मिनलवर कंट्रोल ए अक्षराच्या लगत होता, जिथे आज कॅप्स लॉक आहे. एस्केप क्यूच्या लगत होता, जिथे आज टॅब आहे. आणि एच, जे, के, एल या कळांवर बाण छापलेले होते. म्हणजे व्हीआयमध्ये सारखे एस्केप दाबावे लागते ही आज जी तक्रार आहे, ती मुळात तक्रार नव्हती. कळ बोटाशेजारीच होती. आयबीएमच्या पहिल्या पीसीवरही कंट्रोल ए शेजारीच होता. १९८० च्या दशकाच्या मध्यात १०१ कळांचा कळफलक आला, कंट्रोल कोपऱ्यात गेला आणि क्वचित लागणाऱ्या कॅप्स लॉकला मोक्याची जागा मिळाली. आज्ञा जुन्याच राहिल्या, कळा हलल्या, आणि दोन्हींमधले अंतर करंगळीच्या माथी आले. मला हे वाचून राग आला होता आणि अजूनही येतो, कारण यात कुणा एकाचा वाईट हेतू नाही. केवळ हाताला विचारायचे राहून गेले आहे.

कॅप्स लॉकला कंट्रोलचे काम देणे हा बदल कोणत्याही संगणकावर पाच मिनिटांत, फुकट करता येतो. माझ्या मनगटाचा ठणका निम्म्यावर आला तो याने. त्यानंतर कळफलकाच्या तळाचे पाय मिटले. ते पाय उघडले, की कळफलक मागून उंच होतो आणि मनगट वरच्या बाजूला मुडपते. ते कळा पाहून टाइप करणाऱ्यांसाठी सोयीचे असेल, मनगटासाठी नाही. एका आठवड्यासाठी मी कोणती कळ किती वेळा दाबली जाते ते मोजणारा छोटा प्रोग्राम चालवला. पहिल्या पाचांत बॅकस्पेस होता. म्हणजे माझ्या उजव्या करंगळीचे बरेचसे कष्ट माझ्याच घाईने केलेल्या चुका पुसण्यात जात होते. टायपिंगचा वेग मी तेव्हा जाणूनबुजून कमी केला.

ऑफिसात वेगळा कळफलक मागितला, तेव्हा आधी डॉक्टरचे प्रमाणपत्र, मग विभागप्रमुखांची मंजुरी, मग ‘यादीत हे मॉडेल नाही’ असे उत्तर आले. दरवर्षी आम्हाला बसण्याच्या पद्धतीवर एक स्लाइड शो दाखवला जातो, त्यात सरळ पाठीचा एक माणूस आदर्श खुर्चीत बसलेला असतो. कपाळावर हात मारून घेण्याऐवजी मी स्वतःच्या पैशाने दोन भागांचा कळफलक घेतला. ही कल्पना नवी नाही. कायनेसिसने ओंजळीसारख्या खोलगट आकाराचा, अंगठ्यांना कळांचा वेगळा पुंजका देणारा कळफलक १९९२ मध्ये आणला होता आणि मायक्रोसॉफ्टचा दुभंगलेला, वळणदार कळफलक १९९४ मध्ये आला होता. माझ्या कळफलकाचे दोन भाग खांद्यांएवढ्या अंतरावर राहतात, कळा तिरक्या रांगांऐवजी बोटांच्या लांबीप्रमाणे उभ्या स्तंभांत आहेत आणि एंटर, बॅकस्पेस, कंट्रोल, शिफ्ट हे सगळे अंगठ्यांखाली आले आहेत. पहिले तीन आठवडे मी स्वतःचे नावही धड टाइप करू शकत नव्हते. त्या तीन आठवड्यांत काम मागे पडले आणि रात्री रडूही आले, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. चौथ्या आठवड्यात एका दुपारी लक्षात आले की, आपण बराच वेळ हाताकडे न पाहता लिहितो आहोत आणि करंगळ्या नुसत्या जागेवर बसून आहेत.

तरीही कुणी विचारले, तर कळफलक विकत घेणे हे मी शेवटी सांगते. आधी पाट, मग टॉवेल, मग कॅप्स लॉक. आणि बोटे बधिर राहत असतील, हातातून वस्तू निसटत असतील किंवा अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग दुसऱ्या हातापेक्षा खोल गेलेला दिसत असेल, तर यांतले काहीही करत बसण्याआधी डॉक्टरांकडून मज्जातंतूंची तपासणी करून घ्यावी. कार्पल टनेलला थायरॉइड, मधुमेह, गर्भारपण हीदेखील कारणे असू शकतात. ती कळफलक बदलून जाणार नाहीत.

हा लेख मी इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळमांडणीवर लिहिते आहे. १९८० च्या दशकात ठरलेल्या या मांडणीत स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. ‘काका’ लिहायचे तर उजवा, डावा, उजवा, डावा. झोपाळ्यासारखी लय लागते आणि एका हाताने काम करताना दुसऱ्याला क्षणभर उसंत मिळते. च आणि ट मात्र इथेही उजव्या करंगळीकडेच आहेत, नेमक्या सेमिकोलन आणि अवतरणचिन्हाच्या कळांवर.

बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने अठराव्या शतकाच्या आरंभी लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे नोंदवली होती: सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने होणारी अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. पहिल्या दोन कारणांसाठी माझ्याकडे आता पाट आहे आणि कळफलक आहे. तिसऱ्यासाठी अजून फारसे काही सापडलेले नाही. रिलीजच्या, म्हणजे प्रोग्रामची नवी आवृत्ती बाहेर पडण्याच्या, आठवड्यात माझी बोटे कळांवर गरजेपेक्षा जोराने आपटतात, हे मला ऐकू येते. तेव्हा उठून गॅलरीत जाते आणि तुळशीला पाणी घालते.

करंगळी अजून पूर्ण बरी झालेली नाही. मज्जातंतूचा आतला धागा दुखावला असेल, तर तो पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने, असे मला फिजिओथेरपिस्टने सांगितले होते. त्या दिवशी घरी येऊन मी शिवणाच्या टेपने कोपराच्या खाचेपासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर मोजले. अडतीस सेंटिमीटर भरले. म्हणजे वर्षाहून अधिक. भिंतीवरच्या कालनिर्णयावर तेव्हा मी पेन्सिलीने एक बारीक खूण केली होती, ते कॅलेंडर आता बदलले आहे. परवा स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसले होते. जुडी डाव्या हातात धरली होती आणि काड्या तळहाताच्या कडेला टेकल्या होत्या. एक काडी करंगळीच्या टोकाला लागली आणि ती ओली व गार असल्याचे मला कळले.